मुळावकरांचा डोळा

श्रीकृष्ण मुळावकरांनी एका हाताने गॅस बंद केला आणि दुसऱ्या हाताने फोन उघडला, आणि दोन्ही कामं बिघडली. चहा उतू जाऊन बर्नरमध्ये गेला, आणि फोनमध्ये जे नको होतं तेच समोर आलं. तिशीतले मुळावकर विमानाच्या मागच्या दारात जाड कोट घालून, कमरेवर हात ठेवून उभे होते. फोटोच्या वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘एका नजरेत वजन सांगणारा जादूगार’. खाली पानभर मजकूर, आणि त्याच्याही खाली सेवादास राठोडचा निरोप: ‘भाऊ, वाचून ओके द्या. संध्याकाळी सहाले पान छपाईले जाते.’ मुळावकरांनी फोन ओट्यावर पालथा टाकला आणि फडकं शोधायला लागले. फडकं कुठं असतं हे त्यांना पाच महिन्यांत कळलं नव्हतं. रोज ते वेगळ्या जागी सापडे, आणि रोज त्यांना वाटे की कोणीतरी मुद्दाम हलवलं. घरात ते एकटेच होते.

सेवादास वायुदलातला जुना सोबती, हा उद्योग त्यानेच दिवाळीनंतर मांडला होता. विदर्भातली तेवीस म्हातारी माणसं, सगळी वायुदलातून निवृत्त झालेली, आणि सगळ्यांनी कधी ना कधी एएन-बारा या रशियन मालवाहू विमानावर काम केलेलं. कोणी इंजिनवाला, कोणी वायरलेसवाला, कोणी नुसते टायर बघणारा. विमान सेवेतून जाऊन तीस वर्षांच्या वर झाली. पण सेवादासने व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला, त्याला ‘चार पंखे’ असं नाव दिलं, स्मरणिका छापायची ठरवली, आणि तेव्हापासून फोनला आराम नव्हता. एक जण लिही, लेहला बकऱ्या नेल्या होत्या, आठवते काय? दुसरा लिही, बकऱ्या नव्हत्या, मेंढ्या होत्या. मग दोन दिवस तेच. अकोल्याचा एक जण दर रविवारी विमानाचा जुना फोटो टाकी, आणि तो दर वेळी दुसऱ्याच विमानाचा निघे. मुळावकर सगळं वाचत आणि चिडत. गट सोडावा असं रोज मनात येई, पण सोडत नव्हते. बायको, सुचित्रा, गेल्यावर दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं घरात तेवढंच उरलं होतं.

चहा पुन्हा टाकायचा कंटाळा आला म्हणून उरला तेवढा अर्धा कप घेऊन ते अंगणात बसले आणि मजकूर वाचला. गोष्ट खरी होती, त्यामुळे तर जास्तच राग आला. खोटी असती तर एका शब्दात ‘नको’ म्हणता आलं असतं. मुळावकर लोडमास्टर होते, म्हणजे विमानात कुठलं ओझं किती घ्यायचं, कुठं ठेवायचं, कशानं बांधायचं हे ठरवणारा माणूस. एका मार्च महिन्यात चंदीगडहून लेहला बटाटे जायचे होते. नव्वद पोती, कागदावर प्रत्येकी पन्नास किलो. सगळं भरून झालं, कॅप्टन घड्याळ बघत होता, कारण लेहला उन्हं चढायच्या आत उतरून परत निघावं लागे. आणि मुळावकरांनी सही करायला नकार दिला. म्हणाले, कागदापेक्षा नऊशे किलो जास्त आहे. कॅप्टन वयाने लहान, तोंडाने तिखट. त्याने शिव्या घातल्या, मग काटा मागवला. पोतं साठ किलोचं निघालं. ठेकेदाराने मोठी पोती भरली होती आणि कारकुनाने जुनाच आकडा मांडला होता. नव्वद पोत्यांचे दहा-दहा किलो म्हणजे बरोबर नऊशे, आणि तेही बरंचसं शेपटाकडे. सेवादासच्या मजकुरात लिहिलं होतं, ‘मुळावकरांनी विमानावर एक नजर टाकली मात्र...’ मुळावकरांनी कप खाली ठेवला. विमानाकडे बघून वजन कळत असतं तर काटे कशाला बनवले असते लोकांनी! त्यांनी त्या सकाळी विमानाकडे पाहिलंच नव्हतं. ते हमालांकडे बघत होते. एक उंच हमाल होता, तो पोतं पाठीवर घेऊन विमानाची उतरती फळी एका दमात चढायचा. त्या दिवशी तो मध्येच थांबला, गुडघ्यात थोडा वाकला, पोतं सावरलं आणि मग वर गेला. त्याच्यामागचाही तिथंच थांबला. त्याच्यामागचाही. एवढंच. ओझ्याकडे बघायचं नसतं, उचलणाऱ्याच्या गुडघ्यांकडे बघायचं असतं. ज्याला नोकरी करायची आहे त्याला हे सहा महिन्यांत कळतं. यात जादू कुठली?

ही गोष्ट ते स्वतः कधीच सांगत नसत. सांगायची सुचित्रा. वायुदल सुटलं, यवतमाळला बँकेत नोकरी लागली, तीही संपली, तरी घरी कोणी आलं की पोह्याची बशी हातात देऊन ती सुरू करायची. कॅप्टनचं बोलणं नाकातून काढून दाखवायची. नऊशेचे हजार करायची. मुळावकर आतल्या खोलीतून ओरडत, “नऊशे!” आणि ती तिथूनच म्हणे, “तुमचे नऊशे तुमच्याजवळ ठेवा, गोष्टीत हजारच बरे दिसतात.” शेवट तिचा ठरलेला असे: “पण ह्यांनी जास्तीचा माल उतरवल्याशिवाय विमान हलू दिलं नाही.” मग पाहुणे मुळावकरांकडे बघत, आणि मुळावकर चिडून वर्तमानपत्र तोंडापुढे धरत. चिडत, पण ऐकत. ती स्वतः त्या विमानात एकदाच बसली होती. बदलीच्या वेळी, आठ महिन्यांच्या लेकीला, मितालीला, मांडीवर घेऊन, ट्रंका आणि वळकट्यांच्या मध्ये, भिंतीला लावलेल्या कापडी बाकावर. कानात कापूस घालूनही डोकं फुटायची वेळ आली होती. उतरल्यावर पहिल्यांदा काय बोलली, तर “तुमचं विमान म्हणजे आपल्याकडचा कापसाचा ट्रक आहे. फक्त ट्रकला खिडकी तरी असते.” हे कोणी स्मरणिकेत घालत नाही. घालतात ते जादूगार.

नऊ वाजता सेवादासचाच फोन आला. “भाऊ, वाचलं काय?”

“वाचलं. जादूगार कोणी लिहिलं?”

“माह्या सुनेनं. मराठी शिकवते ना शाळेत. मस्त जमलं ना?”

“जादूगार काढ. अन् ते नजर बी काढ. मी विमानाकडे पाह्यलंच नव्हतं.”

“मंग वजन कसं सांगतलं?”

“हमालाचे गुडघे पाहून.”

“भाऊ, आता स्मरणिकेत गुडघे कसे टाकू? लोकं म्हणतीन, हा लोडमास्टर होता का हाडाचा डॉक्टर?”

“म्हणू दे.”

“आयका ना. रविवारी स्मरणिकेच्या कार्यक्रमात तुमचा आयटम ठेवला हाय. स्टेजवर एक पोतं ठेवतो. तुम्ही नुसतं पाहून वजन सांगाचं. मंग सगळ्यांसमोर काट्यावर टाकू. टाळ्याच टाळ्या!”

“मी येत नाही,” मुळावकर म्हणाले आणि फोन बंद केला. यात जादू नाही हे ज्या माणसाला सांगायचं तोच माणूस आपल्याला सर्कशीत उभं करतो, याला काय म्हणावं? आणि सेवादास काही वाईट माणूस नव्हता. सुचित्राच्या तेराव्याला तो उमरखेडहून एसटीने आला होता, पंगतीत वाढायला उभा राहिला होता. त्यामुळे त्याला शिव्याही धड देता येत नव्हत्या.

त्या दिवशी नळ येणार होता. त्यांच्या भागात पाच दिवसांनी नळ येई, आणि आला की अंगणातल्या नळावरून घरातला ड्रम भरावा लागे. मुळावकर बादली लावून उभे राहिले. भरली की न्यायची, ओतायची, परत यायचं. तिसऱ्या खेपेला त्यांच्या कमरेने नाही म्हटलं. मग त्यांनी चौथी बादली अर्धीच भरली, उचलली, दोन पावलं टाकली, आणि तिथंच खाली ठेवून दिली. दीड वर्षापूर्वी दिवाळीच्या आधी सुचित्रा इथंच अर्धी बादली भरून नेत होती, आणि ते खुर्चीत बसून बघत होते. मग म्हणाले, “अर्धी कायले नेतं? एका खेपेचं काम दोन खेपांत!” ती म्हणाली, “माझे पाय, माझ्या खेपा.” त्यांनी तिथं गप्प बसायला पाहिजे होतं. पण वीस वर्षं विमान भरलेल्या माणसाला अर्धी रिकामी खेप दिसली की राहवत नाही. त्यांनी तिला समजावून सांगितलं होतं की विमान अर्धं भरलं तरी इंधन जवळपास तेवढंच जळतं, मग अर्धं न्यायचंच कशाला. ओझं आधी नीट आखावं, मग उचलावं. ती ऐकून घेत होती. दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. पुढे ते रोजचंच झालं. ती दळणाचा डबा दोनदा करून नेई, हे बोलत. ती भाजीची पिशवी मध्ये कट्ट्यावर ठेवून उभी राही, हे म्हणत, “चाल ना, थांबून राह्यली की पुन्हा उचलाले दुप्पट जोर लागते.” सगळं दिसत होतं. तिचे गुडघे दिसत होते. ती जिथं थांबत होती ती जागासुद्धा दिसत होती. चंदीगडला तीन हमाल एका जागी थांबले तर त्यांनी विमान थांबवलं होतं, आणि इथं घरातली बाई दोन महिने रोज थांबत होती तर त्यांनी तिला खेपा कशा वाचवायच्या ते शिकवलं.

डिसेंबरात मितालीच्या बाळंतपणासाठी ती पुण्याला गेली. मुळावकर तिला खासगी बसवर सोडायला गेले होते. बॅग हातात घेऊन म्हणाले होते, “साडेनऊ किलो.” ड्रायव्हरशेजारचा माणूस हसला होता. तो हसला म्हणून मुळावकरांनी बॅग पुन्हा वर-खाली करून दाखवली होती. बॅग! ज्या हाताने बॅग तोलली त्याच हाताने तिला दंडाला धरून बसच्या पायरीवर चढवलं होतं, आणि त्या हाताला काही कळलं नव्हतं. मार्चमध्ये ती परत आली, तेव्हा नागपूरच्या दवाखान्याच्या कागदावर त्रेचाळीस लिहिलं गेलं, आदल्या वर्षीच्या जुन्या कागदावर अठ्ठावन्न होतं. डॉक्टरने लिहिता लिहिता विचारलं, “वजन कधीपासून उतरतंय? तुमच्या लक्षात नाही आलं?” सहज विचारलं होतं. पुढच्या कागदाकडे वळायच्या आधी. ऑक्टोबरात सगळं संपलं. आणि आता तेवीस माणसं सांगत होती की तुम्ही नुसतं पाहून वजन सांगत होते, ओके द्या.

नळ गेला. ड्रम निम्मा राहिला. मुळावकर तसेच ओल्या पायांनी चपला घालून आर्णी रोडला गफ्फारच्या दुकानात गेले. गफ्फार त्याच विमानावर इंजिनवाला होता. निवृत्त झाल्यावर त्याने मोटारी भरायचं दुकान टाकलं होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी घाटंजीकडून, राळेगावकडून त्याच्याकडे येत, तो जुनी तार काढून नवी गुंडाळून देई. चंदीगडला दोघं एका खोलीत राहिलेले, त्यामुळे बोलण्यात मुलाहिजा नव्हता. दुकानात एक जुना मोठा काटा होता, तांब्याची जुनी तार तोलायला. गफ्फार खाली बसून मोटारीच्या पोटातली काळी तार उपटत होता.

“ये जादूगार,” तो मान वर न करता म्हणाला.

“तू बी वाचलं.”

“साऱ्यांनी वाचलं. ओके देऊन टाक ना बाप्पा. सेवादास सकाळपासून मले चार वेळा फोन करून राह्यला. म्हणे, मुळावकर रुसले, तुम्ही समजावा. मी काय तुहा सासरा हाय काय?”

“मी ओके देणार नाही.”

“कायले? खोटं हाय काय त्याच्यात?”

“खरं हाय. म्हणूनच देत नाही.” मुळावकर स्टुलावर बसले. “गफ्फार, ज्या माणसाले नव्वद पोत्यांतले नऊशे किलो कळले त्याले घरातले दहा-पंधरा किलो कळले नाहीत. अन् त्याचा फोटो छापाचा? अन् रविवारी पोत्याचं वजन सांगून दाखवाचं? लोकं टाळ्या वाजवतीन अन् मी नमस्कार करू?”

गफ्फारने तार खाली टाकली. हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला, काही नसताना. मग म्हणाला, “तुले कळू नाही म्हणूनच तर केलं तिनं सारं.”

“काय केलं?”

“भाभी इथं येत होत्या. वजन पाहाले. त्या काट्यावर.”

मुळावकरांनी काट्याकडे पाहिलं. लोखंडी पत्रा, त्यावर तांब्याचा काळा चुरा. गफ्फार सांगत राहिला, तोंड दुसरीकडे करून. दसऱ्यापासून ती दर पंधरा दिवसांनी येत होती, मुळावकर पेन्शनच्या कामाला किंवा वाचनालयात गेले की. घरात काटा आणला तर ह्यांना दिसेल, औषधाच्या दुकानातला मुलगा ह्यांच्या ओळखीचा, म्हणून इथं. पहिल्यांदा गफ्फार हसला होता. म्हणाला, भाभी, हा तारेचा काटा हाय. तीही हसली होती. तिसऱ्यांदा तो हसला नाही. म्हणाला, मुळावकरला सांगतो. तर तिने त्याला शपथ घातली.

“कोणाची?”

“तुही.”

“अन् तू आयकलं?”

“मी म्हटलं भाभी, डॉक्टरले तरी दाखवा. तर म्हणे, दाखवते, पुण्याहून आली की दाखवते. पोरीचं बाळंतपण एकदा होऊ द्या. ह्यांना आता कळलं तर गेलं माझं पुणं. म्हणे, गफ्फारभाई, तुम्हाले तर माहीत हाय. ते माल उतरवल्याशिवाय विमान हलू देत नाहीत.”

मुळावकर उभे राहिले. स्टूल मागे पडलं. “तू मले सांगाले पाहिजे होतं.”

“पाहिजे होतं.”

“पंचेचाळीस वर्षं! पंचेचाळीस वर्षांत मी तुहा कोणता भरवसा मोडला बे? तू रोज माह्यासंगं चहा पीत होता! इथं, ह्या स्टुलावर बसून! मी त्या काट्याले पाय लावून बसत होतो अन् तू मले मेंढ्या का बकऱ्या सांगत होता!”

“वरड,” गफ्फार म्हणाला. “मी पाच महिन्यापासून वाट पाहून राह्यलो का तू कधी येतं अन् वरडतं.”

मग ओरडताही येईना. मुळावकर दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. समोरून एसटी गेली, तिच्यामागे धूळ, धुळीमागे मोटारसायकलवर तीन माणसं. त्यांना राग आला होता, पण तो कोणावर ठेवायचा हे ठरत नव्हतं. गफ्फारवर ठेवावा तर तो तिच्या शब्दाला जागला. तिच्यावर ठेवावा तर ती नाही. आणि तिचं बरोबर होतं, हे सगळ्यांत वाईट. त्यांना कळलं असतं तर त्यांनी तिला पुण्याला जाऊ दिलंच नसतं. बसच्या पायरीवरून उतरवलं असतं. आधी तपासणी, मग पुणं, असं म्हटलं असतं, आणि वरून ती गोष्टही ऐकवली असती. चाळीस वर्षं तिनेच सांगून सांगून ती गोष्ट मोठी केली, आणि शेवटी त्याच गोष्टीतल्या माणसापासून ती लपली. ती कॅप्टनचं बोलणं काढून दाखवायची तेव्हा लोक हसायचे. ती कॅप्टनसारखाच विचार करत होती, हे कोणाला कळलं? वेळ निघून चालली होती, पलीकडे मितालीला सामान पोचवायचं होतं, आणि मधे हा सहीवाला माणूस. तिने नातवाला दोन महिने मांडीवर घेतलं. त्या दोन महिन्यांचा हिशेब कसा लावायचा? लवकर कळलं असतं तर ती वाचली असती, हे डॉक्टरनेही छातीठोक सांगितलं नव्हतं. नसतीच वाचली असंही सांगितलं नव्हतं. नऊशे किलोंचं कसं होतं, काटा आणला की भांडण मिटलं. इथं काटा आणून काही मिटत नव्हतं.

खिशात फोन वाजला. सेवादास. साडेचार वाजले होते. मुळावकर आत आले. गफ्फारने स्टूल सरळ करून ठेवलं होतं, पण ते बसले नाहीत.

“भाऊ, जादूगार काढलं,” सेवादास घाईने म्हणाला. “‘अनुभवी लोडमास्टर’ टाकलं. नजर बी काढली. आता तरी ओके?”

“गुडघे टाकले?”

“टाकले, टाकले. सुनेले म्हटलं, टाक बाई. ‘हमालांच्या हालचालींवरून’ असं लिहिलं तिनं.”

“गुडघे लिही. अन् शेवटी दोन ओळी जोडाच्या हाय. लिहून घे.”

“सांगा.”

“‘पुढे एकदा मुळावकरांना हे जमलं नाही. कागदावर अठ्ठावन्न किलो होतं, प्रत्यक्षात कमी होतं, आणि त्यांनी खेप जाऊ दिली.’”

पलीकडे पेनचा आवाज थांबला. “अठ्ठावन्न किलो? हे कोणत्या पोस्टिंगचं हाय भाऊ?”

“यवतमाळ.”

“यवतमाळले कधी होतं आपलं विमान?” सेवादासने विचारलं, आणि मग एकदम त्याचा आवाज उतरला. “भाऊ... असं कोणी छापते काय? हे विमानाचं पुस्तक हाय.”

“माहीत हाय मले कायचं पुस्तक हाय. छापाचं असंन तर दोन्ही छाप. नाही तर दोन्ही काढ, फोटोसकट, अन् त्या जागी मेंढ्या टाक.”

सेवादासकडे घरात कोणीतरी टीव्ही बंद केला. मग तो म्हणाला, “प्रत्यक्षात किती लिहू?”

मुळावकरांनी फोन कानापासून थोडा दूर धरला आणि गफ्फारकडे पाहिलं. गफ्फारला विचारावं लागलं नाही.

“पुण्याले जाच्या आदल्या दिवशी आलत्या,” तो म्हणाला. “सत्तेचाळीस सहाशे.”

“चपला घालून का काढून?”

“काढून. मी म्हटलं भाभी राहू द्या, चुरा लागते पायाले. तर म्हणे, नाही, नीट घ्या.”

“सत्तेचाळीस किलो सहाशे,” मुळावकर फोनमध्ये म्हणाले. “चपला काढून. तेही लिही.”